व्युत्क्रम प्रावस्था वर्णलेखन : एका सर्वमान्य पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत मौखिक चाचणी घेताना प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे तीन प्रश्न नियमाने विचारीत आला आहे. पहिला प्रश्न, व्युत्क्रम प्रावस्था वर्णलेखनात व्युत्क्रम म्हणजे उलट असे काय असते? दुसरा, या पद्धतीत द्राव्य पदार्थ स्तंभात कशामुळे थांबून राहतो? तिसरा, दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे सी-१८ स्तंभ घेतले तर एकाच नमुन्याचा निकाल सारखाच येईल काय? विद्यार्थ्यांची उत्तरेही ठरलेली असतात. स्थिर प्रावस्था अध्रुवीय व चल प्रावस्था ध्रुवीय असते, हे पहिले उत्तर. समान पदार्थ समान पदार्थात विरघळतो म्हणून, हे दुसरे. आणि होय, हे तिसरे.

यांपैकी पहिले उत्तर बरोबर, दुसरे अर्धवट आणि तिसरे चूक आहे. ही उत्तरे केवळ विद्यार्थ्यांची नाहीत. आपल्या क्रमिक पुस्तकांतून आणि वर्गातील टिपणांतून ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली आहेत. औषधांच्या गुणवत्ता नियंत्रणात आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पृथक्करण पद्धतींमध्ये या पद्धतीची गणना होते. रसायनशास्त्राचे आपले अनेक पदवीधर पुढे याच यंत्रासमोर उभे राहून उपजीविका करतात. म्हणून या पद्धतीचा विकास, तिच्या स्पष्टीकरणांतील मतभेद आणि तिच्या व्यवहारातील उणिवा यांची चिकित्सा करणे अगत्याचे वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही पद्धत जितक्या वेगाने सर्वमान्य झाली तितक्या वेगाने ती समजून घेतली गेली नाही. समजेची ही उणीव ‘व्युत्क्रम प्रावस्था’ आणि ‘सी-१८’ या दोन सोयीच्या नावांमागे झाकली गेली आहे.

१. ‘व्युत्क्रम’ या नावाची पार्श्वभूमी

क्रोमॅटोग्राफी अर्थात वर्णलेखन या तंत्राचा उगम रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांच्या कार्यात आहे. त्यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे या तंत्राविषयी व्याख्यान दिले आणि १९०६ मधील आपल्या निबंधांत त्याला नाव दिले. पानांतील रंगद्रव्ये त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटसारख्या ध्रुवीय चूर्णाच्या स्तंभातून अध्रुवीय द्रावकाच्या साहाय्याने वेगळी केली. आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या वितरण वर्णलेखनातही हीच मांडणी कायम राहिली. सिलिकाच्या कणांनी धरून ठेवलेले पाणी ही स्थिर प्रावस्था आणि त्यावरून वाहणारे सेंद्रिय द्रावक ही चल प्रावस्था. या कार्यासाठी दोघांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या रचनेची एक मर्यादा होती. लांब कार्बन-साखळीची मेदाम्ले सेंद्रिय द्रावकात सहज विरघळतात व पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यामुळे पाणी धरून ठेवणाऱ्या स्तंभातून ती न थांबता बाहेर पडतात आणि वेगळी होत नाहीत. १९५० मध्ये हॉवर्ड व मार्टिन यांनी बारा ते अठरा कार्बन अणूंच्या मेदाम्लांचे पृथक्करण करण्यासाठी ही मांडणीच उलटी केली. कीसेलगूर या डायाटमी मातीवर त्यांनी डायमिथिल-डायक्लोरोसिलेनच्या वाफेची प्रक्रिया केली. त्यामुळे ती माती पाण्याने भिजेनाशी झाली आणि अध्रुवीय द्रव धरून ठेवू लागली. वरून सोडलेले द्रावक आता पाणीमिश्रित व ध्रुवीय होते. या व्यवस्थेला त्यांनी व्युत्क्रम प्रावस्था वितरण वर्णलेखन असे म्हटले.

अर्थात, हे नाव एका अपवादाचे नाव होते. प्रचलित रीत सुलट मानली गेली आणि तिच्याशी तुलना करून नवी रीत उलट ठरली. पुढील तीन दशकांत मात्र हा अपवादच नियम बनला. आजचा विद्यार्थी बहुधा प्रथम व्युत्क्रम प्रावस्थाच शिकतो आणि ‘सामान्य प्रावस्था’ ही त्याला क्वचित भेटते. ज्या रीतीच्या तुलनेत हे नाव पडले ती रीतच नजरेआड झाल्यामुळे नावाचा अर्थ हरवतो आणि व्याख्या तेवढी पाठ राहते. हॉवर्ड व मार्टिन यांच्यासमोर पृथक्करणाची कोणती अडचण होती हे सांगितल्याशिवाय ‘व्युत्क्रम’ हा शब्द वर्गात उच्चारणे म्हणूनच अपुरे आहे.

२. द्रवाच्या थरापासून बंधित प्रावस्थेपर्यंत

१९५० ची पद्धत कल्पक असली तरी व्यवहारात नाजूक होती. कणांवर धरलेला अध्रुवीय द्रव वाहत्या द्रावकाबरोबर हळूहळू धुऊन जात असे. ते टाळण्यासाठी चल प्रावस्था आधीच त्या द्रवाने संपृक्त करून घ्यावी लागे. चल प्रावस्थेची घटना प्रयोग चालू असताना क्रमाक्रमाने बदलणे, ज्याला आपण आज ग्रेडियंट म्हणतो, ते अशा स्तंभावर शक्य नव्हते.

यावर उपाय एकच होता. तो म्हणजे कार्बन-साखळी सिलिकाच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने जोडून टाकणे. १९६९ मध्ये हालास व सेबेस्टियन यांनी अल्कोहोलच्या साहाय्याने अशा साखळ्या जोडल्या. परंतु सिलिकॉन-ऑक्सिजन-कार्बन हा तेथील बंध पाण्याच्या सान्निध्यात तुटतो. ज्या पद्धतीचे मुख्य द्रावकच पाणी, तिला हा बंध उपयोगाचा नव्हता. १९७० च्या सुमारास कर्कलंड व डीस्टिफानो यांनी सिलेन संयुगे वापरून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन-कार्बन अशी अधिक टिकाऊ जोडणी साधली. १९७३ मध्ये वॉटर्स कंपनीचा मायक्रोबाँडापॅक सी-१८ हा दहा मायक्रोमीटर कणांचा स्तंभ बाजारात आला आणि पद्धतीच्या प्रसाराला गती मिळाली.

या प्रसाराची कारणे स्पष्ट आहेत. पाणी व मिथेनॉल किंवा पाणी व ॲसिटोनायट्राइल ही द्रावके हाताळण्यास सोपी आहेत. औषधे, जीवनसत्त्वे, पेप्टाइडे यांचे नमुने बहुधा जलीय माध्यमातच असतात. द्रावक बदलल्यावर स्तंभ लवकर समतोलास येतो. मिश्रणातील सेंद्रिय भाग दहा टक्क्यांनी वाढवला तर साधारण आकाराच्या रेणूचे धारण सुमारे अडीच ते तीन पटींनी घटते, असा ठोकळ हिशेबही विश्लेषकाला मांडता येतो. मोठ्या रेणूंबाबत हाच परिणाम फार तीव्र होतो. सुमारे ५८०० रेणुभाराच्या इन्सुलिनचे धारण सेंद्रिय भागातील एक टक्क्याच्या फरकानेही जवळजवळ दीडपट बदलू शकते. या तीव्रतेचाच उपयोग करून जैवतंत्रज्ञानाने तयार केलेले मानवी इन्सुलिन उत्पादनाच्या पातळीवर याच पद्धतीने शुद्ध केले जाऊ लागले. त्याचा तपशील एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

येथे एक बाब नमूद करावीशी वाटते. वर दिलेली सर्व कारणे सोयीची आहेत. धारण कसे घडते हे पक्के कळले म्हणून ही पद्धत स्वीकारली गेली, असे कोठेही घडलेले नाही.

३. धारण कशामुळे? तीन उपपत्तींचा विचार

दुसऱ्या प्रश्नाचे ‘समान समानात विरघळते’ हे उत्तर मूलतः वितरणाच्या कल्पनेवर उभे आहे. अठरा कार्बनच्या साखळ्यांचा थर म्हणजे जणू तेलाचा पातळ थर, आणि द्राव्य पदार्थ पाणी व तेल यांच्यात विभागला जातो, अशी ही कल्पना. १९५० च्या स्तंभात खरोखरच द्रवाचा थर होता, त्यामुळे तेथे ती चपखल बसते. मात्र बंधित साखळीचे एक टोक घट्ट बांधलेले असते आणि तिच्या हालचालीवर बंधन असते. अशा थराला द्रव म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

१९७६ मध्ये येल विद्यापीठातील चाबा होर्वाथ, वेन मेलंडर व इम्रे मोल्नार यांनी निराळी उपपत्ती मांडली. ऑक्ताय सिनानोग्लू यांच्या द्रावकविषयक विचारांचा आधार घेऊन त्यांनी लक्ष स्थिर प्रावस्थेकडून चल प्रावस्थेकडे वळविले. त्यांच्या मते द्राव्य रेणूला सामावून घेण्यासाठी पाण्याला आपल्या अंगात पोकळी करावी लागते व त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. रेणू साखळीला चिकटला की पाण्याशी संपर्कात असलेले एकूण क्षेत्रफळ घटते व हा खर्च वाचतो. म्हणजे साखळी रेणूला ओढून घेते यापेक्षा पाणी त्याला बाहेर लोटते, असे म्हणणे अधिक योग्य. पाण्यात क्षार मिसळून पृष्ठताण वाढविला तर धारण वाढते, या निरीक्षणाने या उपपत्तीला बळ मिळाले. आयनीभवन, पीएच व धारण यांचा संबंधही याच चौकटीत मांडता आला. एका अर्थी पद्धतीला तिचे पहिले समग्र गणित येथे मिळाले.

तथापि या उपपत्तीत स्थिर प्रावस्था जवळजवळ निष्क्रिय भिंतीसारखी गृहीत धरलेली आहे. १९८९ मध्ये डॉर्सी व डिल यांनी आपल्या विस्तृत समीक्षेत या गृहीतकावर आक्षेप घेतला. साखळ्या पृष्ठभागावर किती दाटीने जोडल्या आहेत यावर धारण अवलंबून असते. दाटी वाढत गेली की धारण प्रथम वाढते, परंतु एका मर्यादेपलीकडे साखळ्या इतक्या सुव्यवस्थित होतात की रेणूला आत शिरण्यास जागाच उरत नाही. थर निष्क्रिय भिंत असता तर असे घडले नसते. पुढे १९९३ मध्ये पीटर कार व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुरूप अवस्था हा तिसरा संदर्भबिंदू घेऊन दोन्ही प्रावस्थांचा वाटा स्वतंत्रपणे मोजला. पाणी व सेंद्रिय द्रावकाच्या नेहमीच्या मिश्रणात मिथिलीन गटाच्या धारणामागील मोठा वाटा स्थिर प्रावस्थेतील आकर्षणाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतरच्या संगणकीय प्रतिरूपणांनीही स्थिर प्रावस्थेच्या आकर्षणाचे महत्त्व अधोरेखित केले आहे.

या वादात कोणाचा विजय झाला, असा प्रश्न विचारणे फारसे फलदायी नाही. शुद्ध पाण्याच्या जवळ जाणाऱ्या चल प्रावस्थेत द्रावकाचा विरोध प्रबळ असतो, तर सेंद्रिय भाग वाढत जातो तसतशी थराची रचना व आकर्षण निर्णायक ठरू लागतात. शिवाय मिथेनॉल व ॲसिटोनायट्राइल स्वतःही त्या थरात शिरतात, म्हणजे चल प्रावस्था बदलली की स्थिर प्रावस्थाही बदलते. ‘समान समानात विरघळते’ या सूत्रात यांतील काहीही सामावत नाही. एखाद्या पद्धतीची प्रेरक शक्ती कोणती, यावर तज्ज्ञांत दशकानुदशके चर्चा चालली असताना आपण ती चार शब्दांत निकालात काढतो, हा आपल्या अध्यापनावरील गंभीर आक्षेप आहे.

४. ‘सी-१८’ ही एकच वस्तू आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर व्यवहारात सर्वाधिक हानी करते. त्याचे कारण सिलिकाच्या पृष्ठभागातच आहे. सिलिकाच्या दर चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ८ मायक्रोमोल सिलॅनॉल गट असतात. अठरा कार्बनच्या साखळ्या आकाराने मोठ्या असल्यामुळे दर चौरस मीटरला साधारण ३ ते ३.५ मायक्रोमोलपेक्षा अधिक साखळ्या जोडणे कठीण जाते. म्हणजे निम्म्याहून अधिक सिलॅनॉल गट प्रक्रियेनंतरही तसेच राहतात. त्यांना झाकण्यासाठी लहान ट्रायमिथिलसिलिल गट जोडण्याची प्रथा आहे, परंतु त्यानेही सर्व गट झाकले जात नाहीत. अध्रुवीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्तंभाच्या पोटात असा मोठा ध्रुवीय व आम्लधर्मी अवशेष असतो.

ॲमिट्रिप्टिलीनसारखे आम्लारीधर्मी औषध अशा स्तंभातून गेले की त्याचा धनभारित रेणू आयनीभूत सिलॅनॉलला धरून रेंगाळतो. आलेखावरील शिखर सममित न राहता त्याला मागे शेपूट फुटते. धातूंचे अंश असलेल्या जुन्या प्रकारच्या सिलिकामध्ये हा दोष अधिक होता व पुढे आलेल्या अतिशुद्ध सिलिकामध्ये तो बराच कमी झाला. तरीही वेगवेगळ्या उत्पादकांच्या स्तंभांत फरक राहतोच. लॉईड स्नायडर, जॉन डोलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून मांडलेल्या प्रतिमानात स्तंभाचे वर्णन करण्यासाठी एक नव्हे तर पाच गुणांक लागतात. जलविरोधी वृत्ती, रेणूच्या आकाराला होणारा अवरोध, हायड्रोजन बंधातील आम्लता, त्याच बंधातील आम्लारीधर्म आणि धन आयनांची अदलाबदल हे ते पाच गुण होत. जलविरोधी वृत्ती जवळजवळ सारखी असलेले दोन स्तंभ आयन-अदलाबदलीत एकमेकांपासून फार दूर असू शकतात, हे या मापनांतून स्पष्ट झाले.

आता औषधसंहितांची भाषा पाहू. अमेरिकी औषधसंहितेत अशा सर्व स्तंभांना ‘एल-१’ हा एकच वर्ग आहे. भारतीय औषधसंहितेतील प्रकरणांतही सच्छिद्र सिलिकाला जोडलेले ऑक्टाडेसिलसिलेन व कणांचा आकार एवढेच वर्णन बहुधा आढळते. विशिष्ट उत्पादकाची सक्ती नसावी हा यामागील हेतू योग्यच आहे. प्रणाली-योग्यतेची चाचणी घालून संहितांनी दक्षताही घेतली आहे. परंतु ही चाचणी ज्ञात शिखरांपुरतीच बोलते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या औषधद्रव्यात ०.०५ टक्क्यांपेक्षा अधिक असलेली अशुद्धी नोंदवावी लागते आणि साधारणतः ०.१० टक्क्यांपलीकडे तिची ओळख पटवावी लागते. मुख्य औषधाच्या शिखराला शेपूट असेल आणि एवढी अल्प अशुद्धी त्या शेपटीखाली येत असेल, तर ती दिसणारच नाही. दुसऱ्या सी-१८ स्तंभावर तीच अशुद्धी कदाचित स्पष्ट दिसेल. अहवालावर मात्र दोन्ही ठिकाणी ‘सी-१८’ असेच लिहिलेले असेल. रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या गोळीविषयीचा निर्णय अशा वेळी एका अपुऱ्या नावावर अवलंबून राहतो.

५. एका टंचाईने दिलेला धडा

२००८ च्या उत्तरार्धात ॲसिटोनायट्राइलची जागतिक टंचाई निर्माण झाली. हे द्रावक मुख्यतः ॲक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातील उपपदार्थ म्हणून मिळते. ॲक्रिलोनायट्राइलचा वापर कृत्रिम धागे आणि वाहनांत लागणारे प्लॅस्टिक यांत होतो. आर्थिक मंदीमुळे त्यांची मागणी घटली, उत्पादन कमी झाले आणि त्याबरोबर ॲसिटोनायट्राइलही दुर्मीळ व महाग झाले. २००९ मध्येही ही टंचाई जाणवत राहिली.

या प्रसंगी अनेक प्रयोगशाळांसमोर मिथेनॉलकडे वळण्याचा पर्याय होता. परंतु एक द्रावक काढून त्याच प्रमाणात दुसरे घातले की काम भागते, असे येथे होत नाही. समान धारणासाठी मिथेनॉलचे प्रमाण अधिक ठेवावे लागते. पाणी व मिथेनॉलच्या मिश्रणाची श्यानता अधिक असल्याने दाब वाढतो. कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात मिथेनॉल अधिक शोषण करते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिखरांचा क्रमही बदलू शकतो, कारण दोन्ही द्रावकांचे द्राव्याशी व साखळ्यांच्या थराशी असलेले संबंध भिन्न आहेत. ज्याला पद्धतीची कारणे ठाऊक आहेत तो हा बदल विचारपूर्वक करू शकतो. ज्याने ती पाककृतीसारखी शिकली आहे त्याला प्रत्येक वेळी शून्यापासून चाचपडावे लागते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांत उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखनाचे यंत्र नाही, आणि असले तरी ते विद्यार्थ्यांच्या हाती सहसा दिले जात नाही. मग ही चिकित्सा शिकवावी कशी? हा आक्षेप खरा आहे, परंतु पूर्ण खरा नाही. १९५० ची मूळ कल्पना तपासण्यास यंत्राची आवश्यकता नाही. सिलिकाची एक पातळ-थर पट्टी तशीच ठेवावी व दुसरी लिक्विड पॅराफिनच्या पेट्रोलियम ईथरमधील विरळ द्रावणात बुडवून वाळवावी. दोन्हींवर सुदानसारखा तेलात विरघळणारा तांबडा रंग आणि टार्ट्राझिन हा खाण्याचा पिवळा रंग यांचे ठिपके द्यावेत. साध्या पट्टीवर अध्रुवीय द्रावक चढविले की तांबडा पुढे जातो व पिवळा जागेवर राहतो. पॅराफिनच्या पट्टीवर मिथेनॉल व पाण्याचे मिश्रण चढविले की क्रम उलटतो. ‘व्युत्क्रम’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याला अशा रीतीने डोळ्यांनी दिसतो. मिश्रणातील मिथेनॉलचे प्रमाण बदलून तांबड्या ठिपक्याचे अंतर मोजले की द्रावकाच्या वाट्याविषयी चर्चा सुरू करता येते.

त्याबरोबरच प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदलणे आवश्यक आहे. यंत्राची नामनिर्देशित आकृती काढण्यास सांगणाऱ्या प्रश्नाऐवजी शेपूट असलेल्या शिखराचा आलेख देऊन त्याची संभाव्य कारणे व त्यांची तपासणी विचारली, तर विद्यार्थी विचार करू लागेल. मराठीतून विज्ञानलेखन करणाऱ्यांनीही केवळ प्रतिशब्दांवर समाधान मानू नये. ‘व्युत्क्रम प्रावस्था’ हा प्रतिशब्द निर्दोष असला तरी तो मूळ नावातील संदिग्धता जशीच्या तशी मराठीत आणतो. त्यामागील इतिहास सांगण्याची जबाबदारी लेखकावर व अध्यापकावर राहते.

समारोप

व्युत्क्रम प्रावस्था वर्णलेखनाची उपयुक्तता वादातीत आहे आणि प्रस्तुत लेखाचा रोख तिच्या उपयुक्ततेवर नाही. विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला, या पद्धतीचे नाव एका ऐतिहासिक तुलनेतून आले असून ती तुलना सांगितल्याशिवाय ते निरर्थक ठरते. दुसरा, धारणाची वितरण, द्रावकविरोध व थराची रचना ही तिन्ही स्पष्टीकरणे आपापल्या मर्यादेत ग्राह्य आहेत आणि त्यांच्या मर्यादा शिकविणे हाच अध्यापनाचा गाभा असावा. तिसरा, ‘सी-१८’ हे एका वस्तूचे नाव नसून परस्परांहून भिन्न अशा वस्तूंच्या एका कुळाचे नाव आहे. अहवालात स्तंभाची नेमकी ओळख नोंदविणे आणि पर्यायी स्तंभावर निकाल पडताळणे हे म्हणूनच विश्लेषकाचे कर्तव्य ठरते.

पुढील मौखिक चाचणीत एखाद्या विद्यार्थ्याने तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ म्हणण्यापूर्वी ‘नमुन्यात आम्लारीधर्मी घटक आहे काय?’ असे उलट विचारले, तर त्याला पद्धत कळू लागली आहे असे समजण्यास हरकत नाही.